आजीची माळ आणि रिकामी झालेली संध्याकाळ : वसईतील एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका वाडीतले आहे. खोटी नावे देण्यापेक्षा नावे गाळणेच मला बरे वाटले; ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही कुटुंबाच्या संमतीने फिरवले आहेत. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, लहान मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग मी अनेक वर्षे घेते. या घराशी माझा संबंध आला तो त्या वर्गामुळेच.

घरात पाच माणसे होती. वडील अंधेरीतील एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घर सोडतात आणि गाडी वेळेवर मिळाली तर रात्री साडेआठला परततात. आई एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगा त्या वेळी साडेसहा वर्षांचा होता, मुलगी चार वर्षांची. आणि वडिलांची आई, म्हणजे मुलांची आजी. घर खऱ्या अर्थाने त्याच चालवत होत्या.

आजी लाल लुगडे नेसणाऱ्या शेवटच्या पिढीतल्या. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण प्रार्थना सगळ्या तोंडपाठ. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की त्या मुलांना बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावरून हाका मारून घरात आणत, पाय धुवायला लावत आणि आल्तारापुढचा, म्हणजे घरातल्या वेदीपुढचा, दिवा लावत. साडेसातला रोझरी, म्हणजे माळेचे मणी मोजत म्हणायची मरियेची प्रार्थना, सुरू होई. रोझरी संपली की मुले आजीपुढे हात जोडून आशीर्वाद मागत आणि त्या दोघांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढत. भाकरीसाठी उकड मळून झाली की तिच्यावरही त्या बोटाच्या कडेने एक क्रूस ओढत आणि मगच पहिला गोळा तोडत. कोळीण दारात आली तर बोंबिलांचा भाव करताना आवाज चढे, पण ती निघताना ‘देव बरे करो’ म्हणायला त्या चुकत नसत. हे सगळे धर्मशिक्षण आहे असे त्यांना कोणी सांगितले असते, तर त्या हसल्या असत्या.

कॅथलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातले चर्च म्हटले आणि मुलांना श्रद्धेचा पहिला निरोप आईवडिलांनी द्यायचा असतो असे सांगितले. चर्चच्या कायद्याच्या १९८३ च्या धर्मसंहितेनेही, शब्दाने आणि आचरणाने मुलांना श्रद्धेत वाढवण्याचे कर्तव्य सर्वांच्या आधी आईवडिलांवरच ठेवले आहे. आमच्या पट्ट्यात मात्र आईवडील लोकलच्या वेळापत्रकावर जगतात, आणि हे काम प्रत्यक्षात आज्यांनी केले आहे. या घरातही वडील पोहोचत तोपर्यंत रोझरी आटोपलेली असे, आणि आईंचे एक ठरलेले वाक्य होते : “आई बघतात ना सगळं.” त्यात आळस नव्हता. घरात एक काम नीट होत असेल तर त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही, ही संसाराची रीतच आहे.

जून महिन्यात, ऐन पावसात, आजींना रात्री हृदयविकाराचा झटका आला आणि सकाळी रुग्णालयात त्या गेल्या. मुलांना शेजारच्या घरी ठेवले होते. दफन होईपर्यंत त्यांना तिथेच ठेवावे, असे मोठ्यांनी ठरवले. शवपेटीत ठेवताना आजींच्या हातात त्यांची माळ गुंफायची म्हणून शोधाशोध झाली, पण ती सापडली नाही. शेवटी दुसरी माळ घातली गेली. घरी परतल्यावर मुलगा पुन्हा पुन्हा विचारू लागला तेव्हा नात्यातल्या कोणीतरी त्याला जवळ घेऊन सांगितले, “देवाला चांगली माणसं फार आवडतात रे, म्हणून त्याने आजीला नेलं.” आपल्याकडे हे वाक्य दर मृत्यूच्या वेळी बोलले जाते. त्या दिवशी घरात ते कोणालाच खटकले नाही.

अडचण

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. वर्गात मी नेहमीप्रमाणे विचारले की कोणाकोणाच्या घरी संध्याकाळी प्रार्थना होते. हात वर झाले. या मुलाचा हात खालीच राहिला. मी नाव घेऊन विचारले तेव्हा तो सरळ म्हणाला, “आमच्याकडे आजी करायची. आता ती नाही, म्हणून नाही.” स्वरात दुःख नव्हते की तक्रार नव्हती, दूधवाला बदलला असे सांगावे तसे त्याने सांगितले.

मी त्याच आठवड्यात घरी गेले. तिथे कळले की मुलगा तीन महिन्यांपासून रविवारी चर्चला यायला कुरकुर करत होता. शाळेतून तक्रारी येत होत्या : दुसऱ्यांच्या वह्यांवर रेघोट्या मारणे, धाकट्या बहिणीला ढकलणे. आजी असताना हा मुलगा असा नव्हता. वडिलांनी त्याला दटावण्यासाठी जुनाच मार्ग धरला होता, “येशू बघतोय हं, शिक्षा करील.” आईंना वाटत होते की हे सगळे आजीच्या आठवणीने होत आहे आणि काळाने बरे होईल.

खरे कारण एका रात्री अचानक पुढे आले. आईंची रात्रपाळी नव्हती. मुलाला झोपवताना त्या म्हणाल्या, “तू माझा चांगला मुलगा आहेस ना?” तो ताडकन उठून बसला. “नाही. मला चांगलं नाही व्हायचं. मग देव मला पण नेईल.”

जूनमधल्या त्या वाक्याचा साडेसहा वर्षांच्या डोक्याने लावलेला अर्थ इतका सरळ होता की त्यात चूक काढायला जागा नव्हती. देवाला चांगली माणसे आवडतात. आवडतात त्यांना तो नेतो. नेले की ती परत येत नाहीत. मग वाचायचे असेल तर वाईट झालेले बरे. आणि वाईट झाले तर पप्पा सांगतात त्याप्रमाणे तोच देव शिक्षा करणार. पोराला देवाने दोन्हीकडून कोंडले होते. म्हणजे आम्ही मोठ्यांनी कोंडले होते.

त्याच रात्री गादी झटकताना उशाखालच्या बाजूला आजींची हरवलेली माळ सापडली. काळपट लाकडी मण्यांची, एका ठिकाणी तार पिळून जोडलेली. तो ती जूनपासून लपवून झोपत होता.

समोर असलेले पर्याय

पुढच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर आम्ही चौघे धर्मग्रामाच्या पडवीत बसलो : आईवडील, आमचे फादर आणि मी. वडिलांचे मत पक्के होते. त्यांच्या घरात रोझरीत कधी खंड पडलेला नव्हता. ती पुन्हा सुरू करायची, आपण घरी पोहोचल्यावर, पूर्ण पाच दशके, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाचही भाग. आईंना उलट वाटत होते. काही महिने मुलांना फक्त रविवारच्या मिस्सेला न्यावे, बाकी कशाचा आग्रह धरू नये, कारण ज्या देवाची त्याला भीती वाटते त्याच्यापुढे त्याला रोज बसवण्यात अर्थ नाही. हे मत मला आज जेवढे पटते तेवढे त्या दिवशी पटले नव्हते. आईंच्या माहेरच्या आजीला काही महिने बोलावून घ्यावे, असाही विचार निघाला, पण म्हणजे एका आजीचे काम दुसऱ्या आजीला देण्यासारखेच होते. मोबाइलवर रोझरीचे व्हिडिओ लावून मुलांना बसवावे, हे वडिलांच्या बहिणीने सुचवले होते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांकडे आठवड्यातून दोन दिवस पाठवणे हा सर्वांत सोयीचा मार्ग होता आणि म्हणूनच फादरांनी तो बाजूला ठेवला. ते एवढेच म्हणाले की मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, अजून दोन वर्षे लांब आहे, घाई कसलीही नाही, आणि त्याला घरात जे हवे आहे ते सिस्टर देऊ शकणार नाहीत.

मी वडिलांच्या बाजूने कौल दिला. एवढेच नव्हे, तर मुलांना गोडी लागावी म्हणून भिंतीवर लावायचा एक तक्ताही करून दिला. रोझरीला नीट बसले की एक चांदणी चिकटवायची.

पहिला प्रयत्न

तो जेमतेम तीन आठवडे टिकला. वडील साडेआठला येत, अंघोळ करून पावणेनऊला रोझरी सुरू होई. प्रत्येक दशकात दहा वेळा ‘नमो मरिया’, अशी पाच दशके, वर घराण्यातल्या मृतांसाठीच्या प्रार्थना. आजींच्या वेळी हे साडेसातला, मुले ताजी असताना होत असे, आणि मधूनच मुलगी उठून अंगणात गेली तरी आजी डोळेही उघडत नसत. आता मुले पेंगुळलेली, वडील दिवसभराच्या गर्दीने आंबलेले. धाकटी दुसऱ्या दशकात झोपे आणि सकाळी उठून चांदणी मागे. एकदा तर तिने विचारले की झोपून केली तर अर्धी चांदणी मिळेल का. तो तक्ता माझा होता, त्यामुळे हसावे की लाजावे मला कळेना.

आईंच्या रात्रपाळीच्या आठवड्यात एका रात्री मुलाला हसू फुटले. वडिलांनी त्याला दंडाला धरून ओट्यावर नेले आणि दार लावून घेतले. आत येऊन ते पुढचे दशक म्हणू लागले, पण शब्द पुढे सरकेनात. बाहेर अंधारात मुलगा रडत नव्हता. नुसता उभा होता. दोन मिनिटांनी त्यांनी दार उघडले आणि त्या रात्री रोझरी तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी लोकलमधून त्यांनी मला फोन केला. “मी आईसारखं करायला गेलो आणि पोलिसासारखं झालं,” असे ते म्हणाले.

निर्णयाची पहिली जागा : मृत्यूबद्दल खरे सांगणे

इथून पुढचे ठरवताना आम्ही प्रार्थनेचा विषयच काढला नाही. आधी ते वाक्य दुरुस्त करायचे होते. ते कोणी दुरुस्त करायचे, यावर थोडा खल झाला. आईंचे म्हणणे, फादरांनी सांगितले तर मुलाला पटेल. माझे म्हणणे, चुकीची गोष्ट घरात सांगितली गेली, बरोबर गोष्टही घरातूनच यायला हवी. शेवटी दोघांनी मिळून एका दुपारी त्याला सांगितले. आई परिचारिका असल्याचा इथे उपयोग झाला. आजीचे हृदय आजारी होते, ते रक्त नीट ढकलू शकत नव्हते, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते बंद पडले. आजी चांगली होती म्हणून मेली नाही. चांगली माणसे म्हातारी होईपर्यंत जगतात, वाईटही जगतात, आणि हृदय कोणाचेही आजारी पडते. देवाने तिला ओढून नेले नाही. ती गेली तेव्हा त्याने तिला जवळ घेतले, असे आपण मानतो.

मुलाने सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला, “मग ते तसं का म्हणाले?” वडील म्हणाले, “त्यांना पण वाईट वाटत होतं. वाईट वाटलं की माणूस काहीतरी बोलतो.” मला हे उत्तर फार आवडले. बोलणाऱ्या नातेवाइकाला दोषी न ठरवता त्याने वाक्य तेवढे मोडीत काढले.

२ नोव्हेंबरला, मृत विश्वासूंच्या स्मरणदिनी, मुलांना पहिल्यांदाच आजीच्या कबरीवर नेले. त्या संध्याकाळी आमचे दफनस्थान झेंडूने आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. लहान मुलांना ती जागा भीतीची न वाटता जत्रेसारखी वाटते, हा आपल्या रीतीचा मोठा गुण आहे. मुलाने स्वतः माती सारखी केली. वाऱ्याने मेणबत्ती विझली तेव्हा त्याने विचारले, आता आजीला अंधार झाला का. वडील उत्तर द्यायला वाकले आणि त्यांना रडू आले. जूनपासून मुलांसमोर ते एकदाही रडले नव्हते. नंतर त्यांनी मला विचारले की आपण सावरायला हवे होते का. लाजरच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, एवढेच मी त्यांना आठवण करून दिले. मुलाने तेवढ्यात शेजारच्या कबरीवरच्या मेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पुन्हा पेटवली होती.

निर्णयाची दुसरी जागा : नवे काही न वाढवणे

पुढच्या टप्प्याची वाट मला सापडली नाही. ती धाकटीने दाखवली. एका रविवारी आई भाकरीची उकड मळत होत्या. घाईत होत्या, दुपारची पाळी होती. त्यांनी गोळा तोडायला हात घातला तशी मुलगी स्टुलावर चढली, “थांब” म्हणाली आणि हाताच्या कडेने पिठावर आधी एक उभी आणि मग एक आडवी रेघ ओढली. रेघ वाकडी होती. मग तिने हात झटकला, अगदी आजी झटकत तसा, आणि खाली उतरून खेळायला गेली. आईंनी हे कधी शिकवले नव्हते. त्या स्वतः लग्नानंतर आठ वर्षे हे रोज बघत होत्या आणि त्यांनी एकदाही केले नव्हते.

त्यांनी हे मला सांगितले तेव्हा मी तक्ता उतरवून टाकायला सांगितला. चार वर्षांच्या मुलीने पाच दशकांतले काही उचलले नव्हते. हाताची एक हालचाल उचलली होती, तीही अशा कामातली जे घरात नाहीतरी रोज होतेच. रोममध्ये सोफिया कॅव्हालेट्टी यांनी १९५४ साली मॉन्टेसरी पद्धतीच्या आधाराने लहान मुलांचे धर्मशिक्षण सुरू केले, आणि सहा वर्षांखालील मुलांना नियमांपेक्षा मेंढरांना नावाने हाक मारणाऱ्या मेंढपाळाची येशूने सांगितलेली गोष्ट कशी भिडते हे त्यांनी पाहिले. आमच्या प्रशिक्षणात हे मी शिकले होते. वर्गात वापरतही होते. घराला सल्ला देताना मात्र मी तक्ता घेऊन गेले.

मग आम्ही घराचा दिवस जसा आहे तसा कागदावर मांडला आणि त्यात आधीपासून असलेल्या जागा शोधल्या. सकाळी वडील मुलाला स्कूटरवरून शाळेच्या बसपर्यंत सोडतात. वाटेत वाडीचा क्रूस लागतो. तिथे वेग कमी करून दोघांनी कपाळाला हात लावायचा आणि त्या दिवसासाठी एका माणसाचे नाव घ्यायचे. पहिल्या दिवशी मुलाने बसच्या चालकाचे नाव घेतले, कारण त्याला ताप होता. आई पाळीवरून आल्यावर जेवताना सांगतात, “आज खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींना जेवण गेलं नाही,” आणि तीच त्या जेवणाची प्रार्थना होते. रुग्णाचे नाव त्या कधी घेत नाहीत. रात्रपाळीच्या आठवड्यात त्या निघताना मुलांच्या कपाळावर क्रूस काढतात आणि मुले त्यांच्या कपाळावर काढतात. ही उलटी बाजू मुलाने काढली. मम्मीला कोण काढणार, असे त्याने विचारले होते.

रोझरी राहिली, पण एका दशकाची. चार मिनिटे. माळ मुलाच्या हातात, मोजायचे काम त्याचे. वडिलांच्या बहिणीला हे रुचले नाही. नाताळच्या गोठ्यासाठी सगळे जमले असताना त्या म्हणाल्या, “दहा मण्यांची रोझरी? आईने ऐकलं असतं तर!” वडिलांना ते लागले. त्यांनी मला विचारले की आपण सोपे करून श्रद्धा पातळ करत आहोत का. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आत्याबाईंच्या पिढीने गुडघ्यांवर बसून पूर्ण रोझरी म्हटली आणि ती त्यांना आयुष्यभर पुरली. माझे उत्तर एवढेच होते की ती रोझरी म्हणणारे घर दहा माणसांचे होते आणि मुलांना त्यात झोपायची मुभा होती.

भाषेचा एक छोटा पेच मध्येच निघाला. मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. तिथली प्रार्थना इंग्रजीत. मुलाने एकदा गंभीरपणे विचारले की येशूला मराठी कळते का, आजीची बोली कळते का. वडील म्हणाले, “आजीशी तर तो रोज बोलायचा.” त्यानंतर ठरले की घरात वडिलांबरोबर मराठी, शाळेतली शाळेत, आणि कोणी कोणाला दुरुस्त करायचे नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याच आराखड्यात नव्हती. ओट्यावर कोंडल्याबद्दल वडिलांनी मुलाची माफी मागितली. त्यांनी मला आधी विचारले असते तर मी हो म्हटले असते, पण त्यांनी विचारले नाही. “त्या रात्री मी चुकलो. देव तसं करत नाही, मी केलं.” मुलगा काही बोलला नाही. दोन दिवसांनी बहिणीला ढकलल्यावर तो स्वतःहून तिला म्हणाला, “मी केलं. देवाने नाही.” वाक्य थोडे भलतीकडे गेले होते, पण चालले.

जानेवारी आणि फेब्रुवारी

इथपर्यंत सगळे मार्गी लागले असे आम्हाला वाटले होते. जानेवारीत मुलाला शाळेत चांगल्या वर्तनाचा बिल्ला मिळाला. घरी त्याने तो दाखवला नाही. आठवड्याने आईंना तो कंपासपेटीत, पट्टीच्या खाली, कागदात गुंडाळलेला सापडला. नोव्हेंबरमध्ये समजावून सांगितलेले डोक्याला पटले होते. पोटातली भीती अजून तिथेच होती. आईंनी त्याला रागावले नाही, बिल्ला लावायचा आग्रहही धरला नाही. “तुला वाटेल तेव्हा लाव,” म्हणून तो आल्तारावर ठेवला.

फेब्रुवारीत चूक माझ्याकडून झाली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण जवळ आला की मी वर्गात त्यांची गोष्ट सांगते. वसईत जन्मलेला मुलगा, जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाला आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाला. भारतात जन्मलेला पहिला संत. आम्हाला अभिमानाची गोष्ट. मी ती नेहमीच्याच उत्साहाने सांगितली आणि समोर बसलेल्या या मुलाचा चेहरा पाहून माझी जीभ जड झाली. चांगला होता, म्हणून मेला. तेच गणित, आता प्रत्यक्ष वसईच्या मुलाच्या बाबतीत.

वर्ग संपल्यावर मी त्याला थांबवून घेतले आणि गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगितली. गोन्सालोला जपानी भाषा उत्तम येत असे. काही काळ त्याने व्यापार केला. मग मनिलात तो फ्रान्सिस्कन संन्यासी संघात गेला आणि दुसऱ्या मिशनऱ्यांसाठी दुभाष्याचे काम करू लागला. त्याला मारले ते माणसांनी, ज्यांना त्याचे तिथे असणे नको होते. देवाने मारले नाही. मुलाने विचारले, जपानी लोक त्याला मराठी शिकवायला सांगायचे का. त्या दिवसापासून लहान गटात ही गोष्ट मी भाषेपासून सुरू करते आणि क्रूसाचा भाग मोठ्या गटासाठी ठेवते.

आज मिळालेले फळ

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ फारसे काही न ठरवता गेला. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, वडिलांनी मुलांना पात्याचा क्रूस विणायला शिकवले. चार पाती फाडल्यावर एक जमला. आईंच्या सलग रात्रपाळ्यांच्या दोन आठवड्यांत घरात कसलीही प्रार्थना झाली नाही आणि कोणी ते मनाला लावूनही घेतले नाही. मुलगा चर्चमध्ये अजून शेवटच्या बाकावर बसतो आणि प्रवचन लांबले की बाहेर जातो. शाळेतल्या तक्रारी मात्र थांबल्या आहेत. बिल्ला ईस्टरच्या दिवशी त्याने शर्टाला लावला आणि संध्याकाळी काढून परत आल्तारावर ठेवला.

मे महिन्यात वाडीच्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी रोझरी होते. एके दिवशी त्याने एक दशक सांगण्याची इच्छा दाखवली. सहाव्या ‘नमो मरिये’ला तो अडखळला आणि गप्प झाला, बायांनी त्याच्याकडे न बघता प्रार्थना पुढे चालू ठेवली आणि नवव्याला तो परत सामील झाला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, मुलांना दफनाला न्यायला हवे होते. शेजारी ठेवल्यामुळे आजी रात्री होती आणि नंतर नव्हती, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. मग उरलेली जागा त्या एका वाक्याने भरली. आजी असतानाच वडिलांनी रविवारचे एक दशक किंवा आईंनी पिठावरचा क्रूस आपल्याकडे घेतला असता, तर जूनमध्ये सगळे एकदम थांबले नसते. ‘आई बघतात ना’ हे वाक्य आज मी ज्या घरी ऐकते, तिथे थोडे थांबून विचारते की त्या काय बघतात ते तुम्हाला ठाऊक आहे का.

माझ्याकडून तीन गोष्टी चुकल्या. आईंचे म्हणणे मी पुरते ऐकले नाही. त्यांच्या थांबण्याच्या सल्ल्यात मुलाच्या भीतीची जी जाण होती ती मला उशिरा कळली. चांदण्यांचा तक्ता आणायला नको होता. आणि वडिलांच्या आग्रहामागे परंपरेपेक्षा आई गमावलेल्या मुलाचे दुःख अधिक होते, हे मी ओळखायला हवे होते. त्यांना रोझरीचा नेता होण्याआधी कबरीपाशी रडायची गरज होती. क्रम उलटा लागला.

मोबाइलचा पर्याय आम्ही वेळेआधी मोडीत काढला का, याबद्दल मला अजून शंका आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात आई फोनवरून चार मिनिटे मुलांबरोबर असू शकल्या असत्या. आता ते सुरू करण्याचा विचार आहे.

जूनमधील वर्षश्राद्धाची मिस्सा

वर्ष झाले त्या दिवशी मिस्सेनंतर घरी सगळे जमले. आत्याबाईंच्या आग्रहाखातर पूर्ण रोझरी झाली. मुलगा आजीची माळ घेऊन बसला होता. तिसऱ्या दशकात, नवव्या मण्यानंतर, जिथे तार पिळून जोडलेली आहे तिथे तो थांबला, अंगठा तर्जनीच्या मधल्या पेरावर टेकवून त्याने दहावे ‘नमो मरिया’ म्हटले आणि मग पुढच्या मण्याकडे गेला. त्या दशकात एक मणी कमी आहे, हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

आत्याबाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. रोझरी संपल्यावर त्यांनी त्याला विचारले, “हे तुला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. तिथे बोट लावायचं असतं.”

आत्याबाईंनी भावाकडे पाहिले. तो मणी त्या पाच-सहा वर्षांच्या असताना त्यांच्याच हातून तुटून विहिरीत पडला होता, आणि त्यानंतर आईला त्यांनी तिथे नेहमी बोटच लावताना पाहिले होते.